स्विच आपल्या भिंतीत, हुकूम दुसऱ्याचा

पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या दिशेला वळा, नाहीतर जुन्या हायवेने शेडुंगकडे निघा. दोन्ही बाजूंच्या होर्डिंगवरचा मजकूर आता तोंडपाठ झालाय. क्लब हाऊस, स्विमिंग पूल, एअरपोर्ट इतक्या मिनिटांवर, आणि खाली मोठ्या अक्षरात "स्मार्ट होम". मोबाईलवरून दिवा लावा, मोबाईलवरून गीझर सुरू करा, घरी पोचायच्या आधी एसी चालू. फोटोत एक हसरं जोडपं सोफ्यावर बसून फोनकडे बघतंय.

सोयीला माझा विरोध नाही. माझा प्रश्न एकच आहे. फ्लॅट बुक करणाऱ्या प्रत्येकाने, सोसायटीच्या प्रत्येक कमिटीने आणि ग्रामपंचायतीनेही तो विचारावा: त्या स्विचचा मालक कोण?

हसू नका. आपण पनवेल तालुक्यातली माणसं. सातबारा एकाच्या नावावर आणि कब्जा दुसऱ्याचा म्हणजे काय भानगड असते, ते आपल्याला बाहेरच्याने येऊन शिकवायची गरज नाही. या स्मार्ट स्विचचं तेच आहे. पैसे तुम्ही भरले, भिंत तुमची, लाईट बिल तुमच्या नावावर. पण दिवा लागायचा की नाही याचा हुकूम तिसरीकडून येतो.

कसा, ते सांगतो. तुम्ही सोफ्यावर बसून ॲपमध्ये बटण दाबता. तो संदेश राउटरमधून बाहेर पडतो, कंपनीने भाड्याने घेतलेल्या कुठल्यातरी सर्व्हरवर जातो, तिथे तुमचं खातं तपासलं जातं, आणि मग तोच संदेश परत येऊन दहा फुटांवरच्या स्विचला सांगतो, "बाबा रे, लाग." काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण याच्यासाठीच केली असावी असं वाटतं. इंटरनेट गेलं की वळसा तुटला. कंपनीने सर्व्हर बंद केला की कळसाही गेला.

हे सगळं ठरतं त्या डब्यातल्या चिपमध्ये घातलेल्या प्रोग्रॅमवर. त्याला फर्मवेअर म्हणतात. वॉशिंग मशीनला "आधी पाणी भर, मग फिर, मग पिळ" हे जे आतून माहीत असतं, ते फर्मवेअर. स्मार्ट स्विचच्या फर्मवेअरमध्ये लिहिलेलं असतं की हुकूम कुणाचा मानायचा. बाजारातल्या बहुतेक डब्यांत तिथे मालक म्हणून कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता असतो. तुम्ही फक्त वापरकर्ते. आणि ते फर्मवेअर बंद असतं, म्हणजे तुम्हाला वाचता येत नाही आणि बदलताही येत नाही.

"एवढं काय, कंपन्या काय अशा बंद पडतात का?" असं विचारणाऱ्यांसाठी थोडा इतिहास.

रिव्हॉल्व्ह नावाचा एक हब अमेरिकेत ३०० डॉलरला विकला जायचा. २०१४ साली ती कंपनी गूगलच्या नेस्टने विकत घेतली आणि १५ मे २०१६ ला हब बंद करून टाकला. बिघडला नव्हता, बंद केला. घरात ठेवलेली वस्तू एका तारखेनंतर प्लास्टिकचा तुकडा झाली. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर एक दिवस अचानक गप्प झाले. ग्राहकांना साधी सूचनाही नव्हती. पुढे काही ग्राहकांनीच एकत्र येऊन ती कंपनी विकत घेतली तेव्हा कुठे सेवा परत सुरू झाली. बेल्किन तर नाव असलेली कंपनी. तिने २०२५ च्या जुलैत जाहीर केलं की वीमो प्लग आणि स्विचपैकी बहुतेकांची क्लाउड सेवा ३१ जानेवारी २०२६ ला संपणार. जानेवारी २०२४ मध्ये हायरचे एसी आणि वॉशिंग मशीन स्वतःच्या घरच्या यंत्रणेला जोडता यावेत म्हणून एका जर्मन डेव्हलपरने मोफत प्लगिन लिहिलं, तर कंपनीने त्यालाच कायदेशीर नोटीस पाठवली. जगभरातून ओरड झाल्यावर कंपनी नरमली.

ही सगळी मोठी नावं. यांची ही तऱ्हा, तर चार वर्षांपूर्वी उघडलेल्या आणि एका खोलीत ऑफिस असलेल्या कंपनीचं काय घ्या?

आता आपल्या इथलं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीसाठी असाच एक "स्मार्ट कंट्रोलर" बसवला होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच. खालच्या टाकीत टँकरचं आणि बोअरचं पाणी, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत. कंट्रोलरने वरची पातळी बघून पंप चालू-बंद करायचा. किंमत १८ हजार, वर दरवर्षी ॲपचं शुल्क. पहिलं वर्ष चांगलं गेलं. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एका सकाळी ॲप म्हणालं, सर्व्हरशी संपर्क होत नाही. सेन्सर ठीक, पंप ठीक, लाईट होती, खालची टाकी भरलेली. पण सर्व्हरचा हुकूम नाही म्हणून पंप सुरू होईना. डबा बसवताना स्टार्टरचं हिरवं बटणही त्याच्यातूनच फिरवलं होतं, त्यामुळे वॉचमनने बटण दाबूनही उपयोग नाही. कंपनीचा फोन आधी वाजत राहिला, नंतर लागेनासा झाला. खाली टाकी भरलेली आणि वर सातव्या मजल्यावरच्या आजी बादलीने पाणी नेतायत, असे तीन दिवस गेले. शेवटी वायरमनने वायर कापून डबा बाजूला काढला. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणं म्हणजे काय, ते आम्ही अक्षरशः बघितलं.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. गावातल्याच एका पोराने, आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेल्या, दोन रविवारी बसून त्या जागी दुसरी यंत्रणा उभी केली. एक छोटा बोर्ड गच्चीवर, एक पंपरूममध्ये, जिन्यात कुणाच्या तरी घरचा जुना राउटर. त्या राउटरला इंटरनेटचं कनेक्शन दिलेलंच नाही. वरचा बोर्ड पातळी सांगतो, खालचा ऐकतो आणि कॉन्टॅक्टरला इशारा देतो. टाकीच्या झाकणाखाली वाफ धरते आणि अल्ट्रासोनिक सेन्सर कधीकधी भलतीच पातळी दाखवतो, म्हणून वरच्या कडेला साधा फ्लोट स्विचही लावला. वरून पाच मिनिटं निरोप आला नाही तर पंप बंद, हा नियम. आणि स्टार्टरचं बटण स्टार्टरकडेच राहिलं, म्हणजे सगळं बिघडलं तरी वॉचमन हाताने पंप चालवू शकतो. खर्च कॉन्टॅक्टर धरून अडीच हजारांच्या आत. वर्षाचं शुल्क शून्य.

या पोराने कुठला शोध लावला नाही. त्याने फक्त जगात मोफत आणि उघडं ठेवलेलं फर्मवेअर वापरलं. ही गोष्ट होर्डिंगवर कधी येणार नाही, म्हणून इथे सांगतोय.

२०१४ साली शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ नावाची वायफाय चिप बाजारात आली. इतकी स्वस्त की जगभरचे हौशी लोक तिच्यावर तुटून पडले. माहितीपत्रक चिनी भाषेत होतं, तर लोकांनी ते मिळून भाषांतर करून काढलं. पुढे तिची मोठी बहीण ईएसपी३२ आली. बाजारातल्या स्वस्त स्मार्ट प्लगच्या पोटात पुष्कळदा हीच चिप निघायची. मग लोकांच्या डोक्यात आलं, डबा तोच ठेवू, आतला प्रोग्रॅम बदलू. थिओ आरेंड्स या डच गृहस्थाने २०१६ साली सोनऑफ कंपनीच्या स्विचसाठी असं फर्मवेअर लिहून सगळ्यांना खुलं केलं. तेच आजचं टास्मोटा. २०१८ मध्ये ऑटो विंटर या तरुणाने सुरू केलेलं ईएसपीहोम आलं. त्यात साध्या मजकुराच्या फाईलमध्ये "या पिनला रिले, त्या पिनला सेन्सर, पाणी इतकं झालं की बंद" असं लिहिलं की फर्मवेअर तयार होतं. २०२४ पासून ईएसपीहोम आणि होम असिस्टंट हे दोन्ही प्रकल्प ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहेत. म्हणजे उद्या एखाद्या कंपनीने विकत घेऊन कुलूप लावावं अशी सोय राहिलेली नाही. गणपतीच्या मखराला रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या लावणाऱ्यांपैकी काहीजण डब्ल्यूएलईडी वापरतात, तेही याच घराण्यातलं.

या सगळ्यांचा कोड उघडा आहे. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या, त्यावर धंदा करा. टास्मोटाचं लायसन्स फक्त एवढंच म्हणतं की बदल करून कुणाला विकलंत, तर बदललेला कोडही त्याला द्या. आपल्याकडे विहीर सामाईक असली की नियम असायचा, पाणी कितीही न्या पण काठ कुंपणात घेऊ नका. तसंच हे.

बदलता येणं का महत्त्वाचं, याचं उदाहरण परदेशातून आणायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने "ऑटोमेशन" हा शब्द ऐकायच्या आधीच ऑटोस्विच लावला होता. लाईट रात्री-बेरात्री येणार, थंडीत आणि सापाकिरड्यात शेतावर कोण जाणार, म्हणून लाईट आली की पंप आपोआप सुरू. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. तेही चूक नाहीत. लाईट येते त्या क्षणी फिडरवरचे सगळे पंप एकदम उठतात, ट्रान्सफॉर्मरवर लोड येतो आणि तो जळतो. मग आठवडाभर सगळेच अंधारात. शेतकरी बरोबर, महावितरणही बरोबर. अडाणी आहे तो डबा. त्याला एकच गोष्ट कळते, लाईट आली की चालू. त्याच्या आत उघडं फर्मवेअर असतं तर प्रत्येक पंपाला वेगवेगळा उशीर देता आला असता. एकाचा दोन मिनिटांनी, दुसऱ्याचा सात मिनिटांनी. एक ओळ बदलायची. पण ज्या डब्यात ओळच वाचता येत नाही, तिथे शेतकऱ्याने काय बदलावं आणि महावितरणने काय सुचवावं?

याच महाराष्ट्रात पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून शेतीपंप चालू-बंद करणारं "नॅनो गणेश" बनवलं आणि २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळवलं. शेतावरच्या मोबाईलला फोन लावायचा आणि आकडे दाबून पंपाला सांगायचं. शेतकरी आणि त्याचा पंप, मध्ये फक्त मोबाईलचं नेटवर्क. ही बुद्धी आपल्याकडे होती आणि आहे. मग पंधरा वर्षांनी आपण दहा फुटांवरचा दिवा लावायला परदेशातल्या सर्व्हरची परवानगी का घेतोय?

आणि आता तर पैशाचाही प्रश्न आहे. १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत महावितरणने जाहीर केली. या मीटरवरून राज्यभर जी बोंबाबोंब झाली ती आपण पाहिलीच, त्यात आज शिरत नाही. पण मीटर वेळ बघणार असेल, तर आपल्या घरातल्या वस्तूंनाही वेळ कळली पाहिजे. गीझर, सोसायटीचा पंप, स्कूटरचं चार्जिंग दिवसा आणायचं तर टायमर हवा, आणि तो टायमर आपल्या हातात हवा. मीटर त्यांचा, दर त्यांचा, निदान टायमर तरी आपला असू द्या की.

आता आक्षेप. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, चहाच्या टपरीवर आणि इनबॉक्समध्ये ऐकलेले सगळे घेतो.

"हे इंजिनियर लोकांचे छंद आहेत." अजिबात नाही. वायरिंग करणाऱ्याला यातलं अर्धं आधीच येतं. उरलेलं म्हणजे फाईलमध्ये दहा ओळी लिहायच्या. आपल्या भागातली पोरं मोटारसायकलचं इंजिन उघडून बसवतात, त्यांना हे जमणार नाही असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे.

"फुकट म्हणजे हलकं." तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. तो गाभा उघडा आणि मोफत आहे. चालतोय ना?

"तो पोरगा उद्या पुण्याला नोकरीला गेला तर?" हा खरा प्रश्न आहे, टाळायचा नाही. उत्तर असं, की तो गेला तरी फाईल इथेच राहते. आमच्या सोसायटीत त्या दोन बोर्डांच्या फाईली आणि वायरिंगचा नकाशा कागदावर छापून पंपरूमच्या कपाटात ठेवलाय, एक प्रत सेक्रेटरीकडे. दुसरा कुणीही जाणकार येऊन ते वाचू शकतो. बंद डब्यात मात्र कंपनी गेली की माहितीही गेली.

"चिप तर चिनीच ना? मग काय फरक?" बरोबर, चिप चिनीच. न्हावा-शेव्याला उतरलेले कंटेनर आपल्याच फाट्यावरून जातात, त्यात ही खोकीही असतील. मी काही सोवळं नेसून बसलेलो नाही. टास्मोटा उघडं असलं तरी त्या चिपच्या वायफायचा सगळ्यात खालचा थर कंपनीने बंदच ठेवलाय, तेही सांगतो. मार्च २०२५ मध्ये एका स्पॅनिश कंपनीने ईएसपी३२ मध्ये कागदोपत्री न नोंदवलेल्या २९ आज्ञा सापडल्याचं जाहीर केलं. आधी त्यांनी "चोरदरवाजा" हा शब्द वापरला, टीका झाल्यावर तो मागे घेतला आणि एस्प्रेसिफनेही खुलासा केला. पण बघा, लाखो लोक चिप उघडून बसलेत म्हणून ही चर्चा झाली तरी. आपल्याकडे वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या कित्येक स्मार्ट प्लगच्या आत तुया या चिनी कंपनीचंच मॉड्यूल असतं. डिसेंबर २०१८ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या परिषदेत एका संशोधकाने त्यांच्या सुरक्षेतली भोकं जाहीरपणे दाखवली. खोक्यावर देशी नाव बघून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला यातलं कुणी सांगितलं?

सरकारलाही हे कळतं. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी केंद्राने सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची केली, त्यात फर्मवेअरचा सोर्स कोडही द्यावा लागतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत आतला कोड बघणं गरजेचं वाटतं, तर दाराचं कुलूप, गॅसचा सेन्सर आणि पाण्याचा पंप यांच्या बाबतीत का नको?

"शॉक लागला, आग लागली तर?" या आक्षेपाला मी सगळ्यात जास्त मान देतो. २३० व्होल्ट कुणाची गय करत नाही. म्हणून उत्साही मित्रांना हात जोडून सांगतो. डब्यात प्रोग्रॅम घालताना तो मेनला जोडलेला असता कामा नये. पुष्कळ डब्यांत आतलं सर्किट मेनपासून पूर्ण वेगळं नसतं, लॅपटॉप तर जळेलच पण माणूसही जाईल. २,००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, १० अँपिअरच्या रिलेला रोज तेवढं काम लावू नका, १६ अँपिअरचा घ्या नाहीतर कॉन्टॅक्टर लावा. मोटरला रिले थेट कधीच नको. आरसीसीबी नसेल तर आधी ती बसवा, मग स्मार्टपणा. आणि मेनचं काम लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच.

टास्मोटाच्या वेब पानाला सुरुवातीला पासवर्ड नसतो, तो घालायचा विसरू नका आणि राउटरचा दरवाजा बाहेरच्या जगाला उघडू नका. टायमर वापरणार असाल तर ध्यानात ठेवा, या बोर्डाला वेळ इंटरनेटवरून मिळते. लाईट जाऊन आली आणि नेट बंद असलं की बोर्डाला किती वाजले ते कळत नाही. घड्याळाचं छोटं मॉड्यूल जोडलं की हा घोळ मिटतो. हे सगळं उघडपणे सांगता येतं, कारण सगळं उघडं आहे. बंद डब्यातले दोष तो बंद पडल्यावरच कळतात.

आता पोटापाण्याचं. पळस्पे, कोन, शेडुंग पट्ट्यात जमिनी गेल्या आणि गोडाऊन आले. जमीन विकलेल्या घरातला पोरगा गोडाऊनच्या गेटवर रजिस्टर लिहितो किंवा कंत्राटी सुपरवायझर होतो. आजूबाजूला टॉवर उभे राहतायत, प्रत्येकात शेकडो घरं, प्रत्येक घरात हे डबे. ते बसवायला आणि दुरुस्त करायला माणूस लागणार. डबा बंद असला तर दुरुस्ती म्हणजे "नवीन घ्या", आणि आपल्या पोराच्या वाट्याला फक्त भिंतीला भोक पाडायचं काम. डबा उघडा असला तर तोच पोरगा बसवेल, बदलेल, स्वतःचं बनवून विकेल, पैसा तालुक्यात राहील. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबापाशी सगळे सुटे भाग मिळतात. अडलंय कशावर? शिकवण्यावर आणि भाषेवर.

भाषेचं एक सांगतो, बोचेल. टास्मोटाचे मेनू वेगवेगळ्या भाषांत भाषांतर केलेले आहेत. त्यात फ्रिजियन आहे. नेदरलँड्सच्या एका प्रांतातली भाषा, बोलणारे चार-पाच लाख. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून जास्त होतो. मराठी त्या यादीत नाही. कुणी अडवलेलं नाही. एक फाईल आहे, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आपला लिहायचा. फ्रिजियन माणसाने लिहिला, आपण नाही लिहिला. अभिजात दर्जाचे पेढे वाटून झाले असतील तर एवढं काम करायला हरकत नाही.

तर मागण्या. गोल गोल बोलत नाही.

१. फ्लॅट घेणाऱ्यांनी बिल्डरला करारात लिहून मागायचं: इंटरनेट बंद असताना प्रत्येक स्विच चालेल. भिंतीवरचं बटण ॲपशिवाय चालेल. ॲपचं शुल्क किती आणि किती वर्षं, सर्व्हर बंद झाला तर बदलून कोण देणार. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षं दोषदुरुस्तीची जबाबदारी बिल्डरची आहे. त्यात हा सर्व्हर येतो का, हे आधीच लिहून घ्या. तोंडी "होईल हो साहेब" चालणार नाही.

२. सोसायट्यांनी पंप, जिन्यातले दिवे, गेट यांचं टेंडर काढताना अट घालायची: यंत्रणा आवारातल्या नेटवर्कवर चालली पाहिजे, फर्मवेअर बदलायची मुभा पाहिजे, वायरिंगचा नकाशा आणि सेटिंगची फाईल सोसायटीच्या ताब्यात पाहिजे. जो देणार नाही त्याला रामराम.

३. ग्रामपंचायतीने रस्त्यावरचे दिवे आणि नळपाणी योजनेचे पंप "स्मार्ट" करायचा प्रस्ताव ग्रामसभेत आणला, तर हेच तीन प्रश्न ग्रामसभेत उभं राहून विचारायचे. गावाचं पाणी एखाद्या ॲपच्या रिचार्जवर चालणार का, याचं उत्तर सरपंचांनी ग्रामस्थांसमोर द्यावं.

४. आयटीआय आणि आपल्या भागातल्या इंजिनियरिंग कॉलेजांनी इलेक्ट्रिशियन-वायरमनसाठी आठवड्याअखेरचा छोटा वर्ग सुरू करावा. भाषण नको, हातात बोर्ड द्या. यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, लागतो तो फक्त वर्ग आणि शिकवणारा माणूस.

५. मराठीची फाईल. पाच-सहा जण मिळून दोन आठवड्यांत होईल. "रिले", "टायमर", "राउटर" यांना संस्कृत प्रतिशब्द शोधत बसायचं नाही. वायरमन जे बोलतो ते लिहायचं. मी पहिला, अजून चार हवेत.

हे सगळं एका रात्रीत होणार नाही, मला कळतं. प्रत्येकाने घरी बोर्ड घेऊन बसावं असंही मी म्हणत नाही. ज्याला तयार डबा घ्यायचाय त्याने खुशाल घ्यावा. फक्त घेताना दुकानदारासमोरच वायफाय बंद करून बघा. भिंतीवरचा दिवा तरीही लागतोय का? लागला तर पैसे द्या. नाही लागला तर तो दिवा तुम्ही विकत घेत नाही आहात, भाड्याने घेताय, आणि घरमालक कधी घर खाली करायला सांगेल ते त्याच्या मनावर.

आपल्या तालुक्याने कागदावर सह्या करून हातातलं खूप काही घालवलंय. निदान घरातला स्विच तरी जाऊ देऊ नका.

(पोस्ट शेअर करायला किंवा कॉपी करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला परवानगीची गरज नाही. नाव नाही टाकलंत तरी चालेल. यात भर घालायची असेल तर घाला, फक्त भर घातलेलीही अशीच सगळ्यांसाठी खुली ठेवा.)

#पळस्पे #पनवेल #आपला_स्विच_आपला_हुकूम